घाटासाठी बसवलेला कॅमशाफ्ट

मला बघायला येणारा मुलगा स्वतःची मोटार घेऊन येणार म्हणून आमचं अख्खं गाव सकाळपासून बांधावर येऊन बसलं होतं. मोटार आली, पण आधी नजरेत भरली ती माणसं. आमच्या घराची चढण अवघड. मुलाचे वडील, त्याचा काका आणि हे स्थळ आणणारा माझा मामा, असे तिघे मागून गाडी ढकलत होते. मुलगा एकटा आत, स्टिअरिंग धरून. अंगणात पोचल्यावर गाडीतून वाफ निघत होती आणि तिघांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मुलगा खाली उतरला, त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला असं हसू फुटलं की तो मडगार्डला टेकून खालीच बसला. मी दाराआडून बघत होते. हातातल्या पोह्यांच्या ताटल्या वाजायला लागल्या, कारण मलाही हसू आवरेना. माझं लग्न तिथेच ठरलं. बाकीच्यांना ते कळायला शिमगा उलटावा लागला.

पोहे खाऊन झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगून टाकलं, "पोरगा चांगला हाय. पन मी पोरगी संसाराला देनार, गाडी ढकलायला नाय."

वैशाखरे गावचा हा मुलगा मुरबाडहून त्या जुन्या विलायती मोटारीने भाडी मारायचा. चढ आला की उतारूंनी उतरायचं, म्हातारी माणसं आणि पोटुशी बायका तेवढ्या बसून राहायच्या, असा त्या गाडीचा नियमच होता. नकार ऐकून तो तसाच हसत म्हणाला, "शिमगा झाला का याच गाडीनं तुमाला कसारा घाट चढवतो. सगल्या सीटा भरून. कोन उतरलं, तर तुमच्या दारात परत पाय ठेवनार नाय."

आबांना पैज म्हटली की जेवण सुचत नसे. ते लगेच "बरं" म्हणाले. मी मात्र देवाला नवस बोलले आणि मग देवाला इंजिनातलं काय कळतं, या काळजीने तळमळत राहिले.

शिमगा होताच स्वारी हजर. बरोबर गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा. आईने विचारलं, "हे मुसळ कशाचं?" तो गाडीचा जुना कॅमशाफ्ट होता. ओटीवर तो ठेवून याने आबांना समजावलं, "हा दांडा फिरतो. याच्यावरची ही टेकाडं झडपा उचलतात, मंग इंजिन वारा आत ओढतं. याची टेकाडं झिजून सपाट झालती. कल्यानच्या लेथवाल्याकडून दुसरा करून घेतला. टेकाडं उंच नि रुंद. झडप जास्त उघडते, जास्त वेल उघडी राहते."

"म्हंजे खिडकी मोठी केलीस," आबा म्हणाले.

"हां. नि स्प्रिंगाबी कडक घातल्या. आता इंजिन पोटभर श्वास घेतं."

मी स्वयंपाकघरात उभी राहून माझाही श्वास पोटभर घेऊन पाहिला. काही जमलं नाही, छातीत नुसती धडधड.

गाडीत पुढे आबा, मागे आई, मी, मामा आणि वजनाला कमी नको म्हणून भाताचं एक पोतं. मला न्यायला आई तयार नव्हती, पण आबा म्हणाले, "प्रश्न तिच्या जल्माचा, नि तीच घरी? बसव तिला." शहापूर सोडून आग्रा रोडला लागलो तोवर गाडी इतर गाड्यांसारखीच वाटली. घाट सुरू झाला तसा याने गिअर खाली घेतला, पाय दाबला आणि ती अशी गरजली की आईने पोत्याला मिठी मारली. या इंजिनाची मेख अशी होती की ते सणसणीत फिरत असलं तरच ओढायचं. पाय उचलला की संपलं. त्यामुळे वळण असो, समोर ट्रक असो, याने पाय म्हणून उचलला नाही. मागे मी एका वळणाला आईच्या मांडीवर, दुसऱ्याला मामाच्या.

अर्ध्या घाटात ड्रायव्हर लोकांनी शेंदूर फासलेला एक देव होता. तिथे गाडी थांबवून नारळ फोडल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. आबा ओरडले, "थांब रे, नारल!"

"थांबलो तर परत निघायची नाय!"

देव जवळ आला, समोर आला, आणि आता जाणार म्हणताना आबांनी खिडकीतून नारळ भिरकावला. तो देवासमोरच्या दगडावर आपटून असा फुटला की मामाने टाळ्या वाजवल्या. मी तर आनंदाने किंचाळलेच. आईने मला चिमटा काढला आणि लगेच स्वतःच हसायला लागली.

माथ्यापर्यंत कुणी उतरलेलं नव्हतं. आबा दार धरूनच गाडीबाहेर आले. ते म्हणाले, "पोरगी दिली. पन आता घरी हलू ने."

ही गाडी आता हळू चालतच नाही, हे तेव्हा परतीच्या उतारामुळे कुणाला कळलं नाही. यांना हळू चालवायची सवयच नव्हती, मग यांना तरी कसं कळावं? (गाठ बांधली गेली म्हटल्यावर आता 'हे'च म्हणते.) सगळ्यांनी घाटाचा विचार केला, मिरवणुकीचा एकानेही केला नाही.

लग्नाच्या दिवशी मी गौरीहरापाशी बसले होते आणि खालून, मारुतीच्या देवळाकडून, वाजंत्री ऐकू येत होती. नवरदेव स्वतःच्या मोटारीतून येणार, आणि ती मोटार दुसऱ्या कुणाला चालवता येत नसल्याने मुंडावळ्या बांधून स्वतःच चालवणार. वाजंत्र्यांची चाल तुम्हाला माहीत आहे. दोन पावलं टाकायची आणि थांबून वाजवायचं. गाडीला ते मानवेना. भर्रर्र, मग फट्, मग शांतता. हँडल मारल्याचा आवाज. परत भर्रर्र. एकदा ती अशी उसळली म्हणे की ताशेवाला ताशासकट बांधावर चढला. भटजी दर घटकेला बाहेर येऊन "मुहूर्त, मुहूर्त" करत होते. आबा चिडून खाली धावले. मग आवाजच बंद झाला.

नवरीने गौरीहरासमोरून उठू नये. मी उठले आणि मांडवाच्या दाराशी आले.

तीच चढण, तीच गाडी. आत फेटा कलंडलेले हे, मागे सगळं वऱ्हाड, आणि मधोमध नव्या धोतरातले आबा, गाडीला खांदा लावून, लालबुंद. मी शालू खोचून खाली निघाले.

"तू हात लावशील तर बघ!" आबा गरजले. "मी म्हनलोय ना, माजी पोरगी गाडी ढकलनार नाय. मी ढकलतो. तू आत जा गो!"

मी परत गौरीहरापाशी जाऊन बसले आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

संध्याकाळी पाठवणीला गाडी परत सुरू होईना. आता उतार होता, एक धक्का पुरे होता. पुरुष पुढे आले, तर आबांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि एकट्याने दोन्ही हात लावले. गाडी घरंगळली, इंजिन सुरू झालं आणि आम्ही सुसाट सुटलो. मी मागच्या काचेतून पाहिलं. आबा तसेच उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, जणू गाडी अजून हातांखालीच होती. दिवसभर हसलेली मी हमसून हमसून रडायला लागले.

"थांबवा ना जरा," मी यांना म्हटलं. लग्नानंतरचं ते माझं पहिलं वाक्य.

"थांबलो तर परत ढकलायला लागेल."

"मग ढकलू द्या त्यांना."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय उचलला. गाडी खोकली आणि बंद पडली. आबा धोतर सावरत, धापा टाकत उतारावरून धावत आले. "काय झालं गो? काय बिघाडलं?"

"काय नाय, आबा," मी खिडकीतून त्यांचा हात धरला. "अजून एकदा ढकला."