रुमालातली घंटा

मुलांनो, त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास पातळ झाला होता, हे आधी कबूल करते. तुमच्या आजोबांना विसरायला होऊ लागलं होतं. मी नेमाने पूजा करत होते, पण सवय म्हणून, आणि तीही मुकाट. इंग्लंडमधल्या आमच्या पहिल्या, ब्रिस्टलच्या घरात भिंतीपलीकडच्यांना त्रास नको म्हणून मी घंटा रुमालात गुंडाळून ठेवली होती. पुढे डेव्हनमध्ये उघड्या माळाच्या कडेला राहायला आलो, तरी रुमाल सोडला नाही.

तेव्हा मी गावच्या छोट्या संग्रहालयासाठी जुनी पत्रं टाइप करत होते. कॅनडावर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळात याच गावची एक बाई नवऱ्याबरोबर तुमच्या तिकडच्या जंगलात गेली होती. लाकडाची खोपटी, महिनोन्‌महिने बर्फ, शेजारीण दिवसभराच्या वाटेवर. नवरा लाकूडतोडीला गेला की संध्याकाळी ती दारात उभी राहून लोखंडी तवा बडवायची, त्याला घराची दिशा कळावी म्हणून. "एवढंच माझ्या हातात आहे," असं तिने बहिणीला लिहिलं होतं.

हे वाक्य टाइप करून वर पाहिलं, तर मागचं दार उघडं. आजोबा नव्हते. कोट खुंटीवर, फोन टेबलावर, आणि बाहेर कुंपण दिसेना इतकं धुकं. पोलिसांना कळवलं, त्यांनी घरीच थांबायला सांगितलं. हाका मारून घसा बसला. मग देवघरातली घंटा काढली, रुमाल सोडला आणि दारात उभी राहून वाजवत राहिले. हात भरून आला की हात बदलायचा. "मला काही सुचत नाही, तूच बघ," एवढंच मनात.

तासाभराने फाटकाशी एक अनोळखी बाई दिसली. एका हाताशी कुत्रा, दुसऱ्या हाताशी तिचा कोट घातलेले आजोबा.

"हे माळावर भेटले, इथून दोन मैल तरी लांब," ती म्हणाली. "पत्ता सांगता येईना, पण वाट तेच मला दाखवत होते. म्हणे घंटा वाजतेय. मला तर फाटकापर्यंत काही ऐकू आलं नाही. कुत्र्यालाही नाही, आणि त्याला बिस्किटाचा पुडा तीन घरांपलीकडून ऐकू येतो."

आजोबा माझ्यावरच वैतागले. "अगं, किती वाजवशील? आलो ना. आरती झाली नाही ना अजून?"

ती बाई चहा पिऊन गेली. सगळं टिपून ठेवणारी मी, तिचं नाव विचारायचं राहिलं. तेव्हापासून रोज हात जोडताना तिला आठवते, आणि तवा बडवणाऱ्या त्या दुसरीलाही.

आजोबा आता कधी कधी माझं नाव विसरतात. पण संध्याकाळी घंटा वाजली की असतील तिथून उठून देवघराशी येतात. वाजवायचं मी करते. कोणी कसं पोचायचं ते त्याच्यावर सोडलं आहे. रुमाल धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला आहे.