पालकाच्या जागी बायकोची सही

फौजेतून सुटून गावी आलो तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो आणि शेतीतलं मला काही म्हणजे काही येत नव्हतं. हे सांगायला लाज वाटते, कारण आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतीच. पण मी विसाव्या वर्षी भरती झालो. पुढं लग्न झालं, मग वडील गेले, दोन वर्षांत आईही गेली. साडेतीन एकर रान बायकोनं एकटीनं सांभाळलं. कालव्याचं पाणी आल्यावर तिनं ज्वारीच्या रानात एक एकर डाळिंब लावलं, दोन गाई घेतल्या, पोरीला शाळेत घातलं. मी वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचो, पाहुण्यासारखा जेवायचो, बांधावरून एक चक्कर मारायचो आणि ट्रंक उचलून परत जायचो.

कायमचा घरी आल्यावर मला वाटलं, आता हिला विश्रांती द्यायची. ती पोरीच्या शाळेत गेली होती त्या दिवशी मी कोपऱ्यातला फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि डाळिंबाच्या दोन ओळींवर कीटकनाशक मारून टाकलं. संध्याकाळी ती आली, पंप बघितला आणि तिथंच उभी राहिली. तो पंप तणनाशकाचा होता. तळाला तणनाशक शिल्लक होतं आणि मी तो न धुताच भरला होता. आठवड्याभरात अठरा झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिनं शांतपणे विचारलं, "आवं, भरती झाला तवा पयल्याच दिवशी हातात बंदूक दिली व्हती का?"

"न्हाई. आधी ट्रेनिंग असतं. महिनोन्‌महिने."

"मग?" एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

जेवण झाल्यावर तिनं फळीवरच्या डब्याखालून एक कागद काढला. खताच्या दुकानात मिळाला होता म्हणे. सातारा जिल्ह्यातली एक निवासी शेतीशाळा. एक वर्ष तिथंच राहायचं, राबायचं, शिकायचं. शिक्षण दहावी, वयाची अट नाही.

"आता पोरांच्यात बसू व्हय मी?"

"बसा की. पोरं काय चावत्यात?"

प्रवेशाच्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो, सांगलीत गाडी बदलली आणि दुपारी शाळेच्या फाटकात उतरलो. ऑफिसमधल्या क्लार्कनं माझा फॉर्म चाळला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथं पालकाची सही राहिलीय. पालक कुठायत?"

मी म्हटलं, "साहेब, मी सदतीस वर्षांचा आहे. मलाच एक पोरगी आहे."

"बरोबर आहे, पण पालकाच्या सहीशिवाय प्रवेश होत नाही. पालक समोर हजर पाहिजेत. नियमच आहे."

मी जरा आवाज चढवला. तो ऐकून आतल्या खोलीतून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, पायात मातीनं भरलेल्या चपला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा नियम वयासाठी नाही हो. माणूस वर्षभर इकडं आला की त्याचं घरचं काम कुणीतरी अंगावर घेतं. त्या माणसाला इथं काय चाललंय ते माहीत पाहिजे आणि त्याची तयारी पाहिजे. तुमचं काम कोण करणार?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "मीच. आजवर मीच करती की."

"मग तुम्हीच पालक," बाई म्हणाल्या आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली.

नियमांचा चार पानी कागद तिनं ओळीखाली बोट धरून पूर्ण वाचला. ती सातवीपर्यंत शिकलेली. मी मात्र बघितला न बघितला करून सही ठोकली होती. सकाळी साडेपाचला हजेरी. गोठ्याची पाळी सगळ्यांना. फोन ऑफिसात जमा, संध्याकाळी एक तास मिळणार. सुट्टी महिन्यातून एकदा, तीही पालकांनी होकार दिला तरच. बाहेरचं खाणं खोलीत ठेवायचं नाही. तंबाखू, गुटखा, दारू बंद.

"शेण काढायला मोठ्या वयाच्या मानसाला सूट हाय का?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग बरं हाय." तिनं सही केली. पालकाशी नातं या रकान्यात 'पत्नी' असं लिहिलं. मग माझ्या शर्टाच्या खिशात हात घालून तंबाखूची डबी काढली आणि क्लार्कच्या टेबलावर ठेवली. "ही बी जमा करा."

खोलीत आम्ही चौघं होतो. बाकीचे तिघं अठरा-एकोणीसचे. एक तासगावकडचा, बापाची द्राक्षबाग असलेला. दुसरा माणदेशातला मेंढपाळाचा. तिसरा मिरजेच्या एका तांबटाचा मुलगा, घरी गुंठाभरही जमीन नसलेला आणि तरीही आम्हा सगळ्यांत हुशार. मला ते पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले. हजेरी, अंथरुणाची घडी, बूट, रांग हे मला सोपं होतं. त्यांना पाचला उठवायचं काम मी आपणहून घेतलं. पण वर्गात बसलो की घाम फुटायचा. सतरा वर्षांत सही सोडून फार काही लिहिलं नव्हतं. तांबटाचा मुलगा रोज जेवणानंतर अर्धा तास माझ्याजवळ बसायचा आणि दिवसाचा धडा पुन्हा समजावून सांगायचा. तेव्हा एकदाही तो हसला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

प्रत्येकाला पाच गुंठ्यांचा तुकडा दिला होता. मी माझे वाफे दोरी लावून सरळ आखले, वरून खाली, कवायतीच्या मैदानासारखे. पाणी सोडलं तर ते सगळी माती घेऊन खालच्या बांधाला जाऊन साठलं. शिकवणारे सर म्हणाले, "फौजी, जमीन कुठं उतरतीय ते आधी बघायचं. ती तुमचा हुकूम ऐकत नाही." मग त्यांनी स्वतः खाली बसून उताराला आडवा पहिला वाफा मला करून दाखवला.

दोन महिने झाले आणि बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, आला. सतरा वर्षांत मला बेंदराला एकदाही सुट्टी मिळाली नव्हती. या खेपेला घरी जायचंच, असं ठरवून मी अर्ज दिला. वसतिगृहाचे रेक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. संध्याकाळी ते खोलीच्या दारात आले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "काका, पालकांनी परवानगी दिली नाही."

तिघं पोरं उशीत तोंड खुपसून हसली. मी तडक ऑफिसात गेलो, फोन घेतला आणि तिला विचारलं, "सुट्टी का नाकारलीस?"

"बाई म्हनल्या, त्याच दिसात डाळिंबाची गुटी कलमं शिकवनार हाईत. एकदाच असतंय म्हनं."

"अगं, पन बेंदूर हाय."

"बेंदूर दरसाल येतोय." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्याबिगर इतकं बेंदूर केलं, आनि एक करती."

ती टोमणा मारत नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी फोन ठेवला तरी तिथंच बसून राहिलो. सुट्टी रद्द झाली, असं मी तिला किती वेळा कळवलं होतं! दरवेळी ती "बरं" म्हणायची. त्या "बरं"च्या मागं काय असायचं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री मला राग आला होता, पण तो हळूहळू माझ्यावरच वळला. दुसऱ्या दिवशी मी कलमं बांधायला पहिल्या रांगेत उभा होतो.

पुढच्या महिन्यात पालकांच्या भेटीचा रविवार होता. ती आली. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. नियमाप्रमाणे सगळं भोजनगृहात द्यावं लागलं आणि पंगतीत वाटून माझ्या ताटात अर्धा धपाटा आला. तिला हसू आवरेना. मेंढपाळाच्या पोरानं दुसऱ्यांदा ठेचा मागितला तेव्हा ती उठून स्वतः वाढायला गेली.

जेवणानंतर मी तिला माझा तुकडा दाखवायला नेलं. सरही बरोबर होते. बांधाजवळ एक वाळलेलं डाळिंबाचं रोप शिकवण्यासाठी उपटून ठेवलं होतं. मी त्याच्या मुळ्या तिला दाखवल्या. त्यांवर बारीक बारीक गाठी होत्या. मी सांगितलं की या गाठी सूत्रकृमींमुळे होतात, ते मुळ्यांत शिरतात आणि झाड उभ्यानं सुकत जातं.

तिनं मुळी हातात घेतली आणि अंगठ्यानं गाठी चाचपल्या. "ह्या गाठी म्या बघितल्यात. आपल्या खालच्या कोपऱ्यात. मला वाटलं मुळ्याच तशा असत्यात. म्या पानी वाढवत ऱ्हायले."

"झेंडू लावायचा मधल्या जागेत. कमी होत्यात."

"व्हय?" तिनं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. मग ती माझ्या वांग्याच्या वाफ्यापाशी बसली, मातीत बोट घातलं आणि म्हणाली, "तुमी पानी लय देताय. चिखल झालाय आत. वरनं वाळल्यालं दिसतंय म्हनून फसू नगा."

"हे मी चार दिवस सांगतोय," सर म्हणाले. "आता तरी ऐका."

फाटकाबाहेर एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. खूप बोलायचं होतं. शेवटी एवढंच जमलं, "मी नव्हतो तवा तू लय केलंस."

रस्त्याकडं बघतच ती म्हणाली, "म्हनला, बरं वाटलं." तिनं पदरानं डोळे टिपले. तेवढ्यात गाडी आली.

वर्ष संपवून मी घरी आलो. खालच्या कोपऱ्यात झेंडू लावला. पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही, दुसऱ्या वर्षी पडला. दसऱ्याला फुलंही विकली. माझ्या हातून चुका अजून होतात, पण आता सगळं दोघं मिळून ठरवतो, म्हणून त्या दोघांच्या असतात. तांबटाचा मुलगा एका रोपवाटिकेत चांगल्या कामावर आहे. कलमाचं काही अडलं की मी त्यालाच फोन करतो.

गेल्या वर्षी मोठ्या बाई कामानिमित्त आमच्या बाजूला आल्या होत्या. त्या मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या रानात आल्या. मी चहा करेपर्यंत त्या आणि बायको बांधावर बसून बोलत होत्या. जाताना त्या तिला म्हणाल्या, "नव्या मुलांना एक दिवस येऊन सांगाल का? कमी पाण्यात झाड कसं जगवलं ते?"

"मला कुठं बोलता येतंय चारचौघांत?" ती म्हणाली. पण गेली. वर्गात उभी राहिली आणि पदर खोचला. मग तिनं सुरुवात केली ती थेट त्या वर्षापासून, जेव्हा विहिरीला दिवसाआड जेमतेम तासभर पाणी सुटायचं. तेवढ्यात ज्वारी कशी वाचवली ते तिनं सांगितलं. पोरं लिहून घेत होती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. तिनं सांगितलेल्या निम्म्या गोष्टी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या.