नानांचा जनमताचा कौल

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना रोज सकाळी फाटकावर वाकून मला तेच ऐकवतात. "संसद आपली नोकर शे, भाऊ. शेवटचा शब्द बठ्ठा लोकेसना!" शेवटचा शब्द सगळ्या लोकांचा, म्हणून प्रत्येक कायद्यावर देशभर मतदान घ्या, म्हणे. मग निवडून दिलेल्यांनी काय करायचं, असं विचारलं की माझी कीव आल्यासारखं बघतात आणि हातातला पेपर माझ्या स्कूटरच्या सीटवर आपटतात. नुसता वैताग.

परवा कॉलनीच्या भरीत पार्टीत वांगी भाजून झाली. मिरच्या किती घालायच्या, यावर नानांनी रीतसर हात वर करायला लावले. जवळजवळ सगळ्यांनी कमीच घाला म्हणून सांगितलं. नानांनी मान डोलावली आणि टोपलीभर मिरच्या ओतून स्वतःच ठेचायला बसले.

"नाना, अहो, लोकांनी काय सांगितलं?"

"त्यासले काय समजस?"

पहिल्याच घासाला सगळ्यांच्या नाकातोंडातून धूर निघाला. पाणीवाल्याचं लक्ष जावं म्हणून जो तो हात वर करून ओरडायला लागला. नाना उठले, बोट फिरवत सगळे हात मोजले आणि माझ्याकडे वळले. "पाहा भाऊ, बठ्ठासनी मंजूर करं."

त्यात माझाही हात होता. खाली घेतला असता, पण पाणी अजून आलं नव्हतं.