निखिलच्या खेळातला दम

"पोरी, निखिल गेला वं..." त्याच्या आईचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत आमच्याच खेळाचे आकडे जुळवत होते.

निखिल माझा महाविद्यालयापासूनचा मित्र. तो अकोल्यात, मी इथे. पण जमिनीखाली खारे पाणी असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या गावावरचा एक पटखेळ आम्ही मिळून रचत होतो. गोड्या पाण्याच्या निळ्या चकत्या, अंगातल्या दमाच्या तांबड्या. विहिरीवरून पाणी आणायचे तर दम खर्चायचा. साधन कुठून येते आणि कुठे संपते, यावरच असा खेळ उभा राहतो. म्हणून दर फेरीनंतर दम पूर्ण भरावा, असा नियम मी केला.

"रातभर झोपलं का मानूस सकाळी पुरा भरते, हे कोन सांगतलं तुले, मॅडम?" निखिल हसला. किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा त्याचे डायलिसिस चाले. त्याच्या नियमात गेलेला दम परत येतच नसे.

तो नियम आम्ही त्याच्या शेजारच्या दोन बहिणींसोबत एकदाच खेळून पाहिला. चौथ्या फेरीतच तांबड्या चकत्या मुठींत बंद झाल्या. विहिरीकडे कोणी जाईना. नियम सदोष ठरवून मी डाव उठवला. पटखेळांच्या स्पर्धेची मुदत जवळ होती आणि मला जिंकायचे होते.

"रविवारी ये न," तो नंतर म्हणाला. "माह्या नियमानं अजून एक डाव खेळू."

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले. त्याला पुढचा रविवार आहे, हे मी गृहीत धरले होते. ते तपासायला लागणारी सगळी माहिती माझ्याकडे होती... तो शुक्रवारी गेला.

महिन्याने अकोल्याला गेले. पुढच्या खोलीत पट मांडलेलाच होता. "बस, खेळू," त्याची आई, माझ्या काकू, म्हणाल्या. "मले रोज बसवे तो." त्याच्याच नियमाने खेळलो. पाचव्या फेरीत माझ्या तांबड्या चकत्या संपल्या. काकूंजवळ दोन उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"काकू, असं देता येत नाही."

"काहून? निखिल त घेये माह्याजवळून."

मी त्याची नियमांची वही उघडली. देण्याला मनाई कुठेच नव्हती. त्या बहिणींसोबत खेळलो त्या दिवशी दम सर्वांत आधी निखिलचाच संपला होता. आम्हा तिघींच्या मुठींकडे तो पाहत होता... आणि मी डाव उठवला होता.

"घे न," काकू म्हणाल्या. "तुही पाळी हाय."