तारांखालचा स्पंज

क्षिप्राकाकू शाळेत असल्यापासून तानपुऱ्यावर बसायच्या. गाणारी त्यांची मोठी बहीण, डोंबिवलीच्या नीलाताई. गणपतीतल्या बैठका असोत, दिवाळी पहाट असो, नाहीतर कुणाच्या घरचा छोटा कार्यक्रम, ताई पुढे आणि काकू मागे, हे ठरलेलं. काकूंची नोकरी कोलशेतच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आणि घर आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर. रविवारी सकाळी त्या तानपुरा जुळवायला बसल्या की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

मग तो यायचा बंद झाला.

कारण त्यांनी मला पुढे केव्हातरी सांगितलं. एका बैठकीत नीलाताईंनी गाणं सुरू करण्याआधी मान वळवून खूण केली की पंचम उतरलाय. काकूंनी तारेतला मणी सरकवला. ताईंनी परत खूण केली. काकूंनी परत सरकवला. शेवटी ताईंनी सगळ्यांसमोर स्वतः मागे वळून तार जुळवली आणि गायला लागल्या. काकू म्हणाल्या, "जुळलेल्या तानपुऱ्यातून एक बारीक झळाळी निघते गं. ती आली की कळतं, लागला. त्या दिवशी ती मला आलीच नाही. ताईनं जुळवल्यावरसुद्धा नाही."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरच्या पट्टीचं ऐकणं कमी झालंय, थोडं वयानं, थोडं घराण्यात असेल. खालचं मात्र शाबूत आहे. कानात यंत्र आलं. बोललेलं नीट कळू लागलं, पण यंत्रातून तानपुरा ऐकला तर तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. काकूंनी तानपुऱ्याला गवसणी घातली आणि ताईंना सांगितलं, "माझे गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही." ताई मोबाइलवरचा तानपुरा लावून गाऊ लागल्या. कानाचं त्यांना कुणी बोललं नाही.

त्याच सुमारास आमच्या बँडचा बासवाला, म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार वाजवणारा, हैदराबादला बदलून गेला. बँड म्हणजे तसं काही मोठं नाही. मी गाते, माझा नवरा साकेत गिटार वाजवतो आणि कोलशेत गावातले रघुदादा ड्रम्सवर. रघुदादांच्या घरची पूर्वी खाडीकाठी मिठागरं होती, आता इमारती आहेत. लग्नांतल्या हळदीच्या बँजो पार्टीत वाजवून त्यांचा हात तयार झालेला. आम्हाला तिघांना वेड एकच, जुनं सोल. साठ-सत्तर सालातलं अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं गाणं, चर्चमधून बाहेर आलेलं, ऐकता ऐकता पाय हलवायला लावणारं. रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची.

एका रविवारी साकेत गिटार ठेवून बँडचा बास नुसताच वाजवून बघत होता. काकू तिथल्या ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला आलेल्या. त्या दारातच थांबल्या. मग आत आल्या, स्पीकरवर तळहात ठेवला, दुसऱ्या हातानं कानातलं यंत्र काढलं.

"साकेत, परत वाजव रे तेच."

त्यानं वाजवलं.

"हे मला ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "यंत्राशिवाय येतंय. फक्त वर ते काय खणखणतंय, ते नको."

साकेतनं बास त्यांच्या मांडीवर दिला. तानपुऱ्यासारखं तारेवर बोट ठेवायची त्यांची पद्धत पाहून रघुदादा माझ्याकडे बघून हसले. पुढच्या रविवारी काकू बोलावण्याची वाट न बघता आल्या.

खणखणाट काढणं मात्र एका दिवसाचं काम नव्हतं. आमच्या बासला नव्या, चकचकीत तारा होत्या. प्रत्येक तारेच्या गाभ्यावर बारीक गोल तार गुंडाळलेली, त्यामुळे बोट सरकलं तरी करकर. साकेतनं फ्लॅटवाउंड तारा मागवल्या. त्यांच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, हाताला गुळगुळीत लागतात आणि आवाज मऊ येतो. जुन्या सोलचे बासवाले अशाच तारा लावायचे आणि तुटेपर्यंत बदलायचे नाहीत. या तारा जाड, ताण जास्त; चढवल्यावर बासची मान, म्हणजे लांब दांडी, पुढे वाकली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती साकेतनं किल्लीनं थोडी फिरवली आणि लाकूड स्थिरावायला बास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी. तारा त्यानं जरा उंचच ठेवल्या, म्हणजे जोरात वाजवलं तरी मानेवरच्या पट्ट्यांवर आपटणार नाहीत. टोनचं बटण पूर्ण बंद केलं, म्हणजे आवाजाची वरची धार गेली.

तरी स्वर लांबत होता. त्यावर उपाय म्हणजे ब्रिजजवळ, म्हणजे घोडीजवळ, तारांखाली फोमचा तुकडा. काकू घरून भांडी घासायचा नवा स्पंज घेऊन आल्या. हिरवी खरखरीत बाजू कापून टाकली, उरलेला पिवळा तुकडा कोंबला आणि तार छेडली. टक! टेबलावर टिचकी मारावी तसं.

"मेला!" साकेत म्हणाला.

काकू हसू लागल्या. "अरे, उलटं आहे हे सगळं. आम्ही तानपुऱ्याच्या तारेखाली सूत सरकवतो ते आवाज उमलावा म्हणून, आणि तुम्ही स्पंज कोंबता तो मिटावा म्हणून."

त्यांनी तुकडा काढून कात्रीनं पातळ केला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. लॅबमधली सवय, कंटाळा नाही. एकदा जाडीला तिरपा कापला, मोठ्या तारेखाली कमी, बारीक तारेखाली जास्त. मग एकाच बोटानं, मानेच्या बाजूला सरकून, तार ओढली.

ठुम्.

गोल, भरलेला आणि लगेच संपणारा. रघुदादांनी काठ्या खाली ठेवल्या. "आता कसा पोटान बसतंय!"

काकू तोच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत राहिल्या. नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "ऋजुता, किती दिवसांनी एखादा स्वर मी अख्खा ऐकला. कडेपर्यंत."

वाजवायला त्यांना तसं पटकन जमलं, पण थांबायला जमेना. तानपुरा कधी थांबत नाही, गाणारा थांबला तरी. काकू प्रत्येक मोकळी जागा भरून काढायच्या आणि मला गाताना श्वास घ्यायला फट मिळायची नाही. मी एकदा धीर करून बोलले, "काकू, मधे मधे सोडा ना."

"सोडलं आणि तू पडलीस तर?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"नाही पडणार. रघुदादा आहेत."

तेव्हापासून त्या रघुदादांच्या पायाकडे बघून वाजवू लागल्या. वाजवताना यंत्र काढलेलं असे, त्यामुळे माझे शब्द त्यांना कळायचे नाहीत. मोठ्या ड्रमवरचा पाय मात्र दिसायचा.

हिवाळ्यात डोंबिवलीच्या एका छोट्या सभागृहात आम्हाला कार्यक्रम मिळाला. शीळफाट्याला तासभर अडकलो, पोहोचलो तेव्हा लोक येऊन बसलेले. तिसऱ्या रांगेत नीलाताई होत्या. काकूंनी त्यांना एवढंच कळवलं होतं की मी वाजवतेय, ये.

पहिल्या गाण्यात काकूंची दोनदा जागा चुकली. मग त्यांनी डोळे रघुदादांच्या पायाकडे वळवले आणि ते संथ गाणं असं काही बसलं, की मी नुसती त्या आवाजावर टेकून गायले. ताई पूर्ण वेळ ताठ बसून होत्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच.

कार्यक्रमानंतर त्या मागे आल्या. काकू पिशवीची चेन लावत होत्या.

"गुडघे बरे दिसतायत तुझे. एवढा वेळ उभी होतीस," ताई म्हणाल्या.

काकूंना ऐकू गेलं नाही. त्यांनी खिशातून डबी काढली आणि ताईंच्या देखत यंत्र कानात घातलं. "आता बोल."

ताई त्या यंत्राकडे बघत राहिल्या. "कधीपासून?"

"यंत्र त्या बैठकीनंतर. कान त्याच्या आधीपासूनच."

"मला वाटलं, मागे बसून कंटाळलीस. माझ्यावर रागावलीस. सांगितलं का नाहीस, क्षिप्रा?"

"काय सांगू? ताई, मला तुझं गाणं अर्धंच ऐकू येतं, हे तोंडातून निघेना."

ताईंचे डोळे भरले. त्यांनी काकूंच्या दंडाला धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, घरी जेवायला चल. ह्या तिघांनाही घे. आमटी आहे, भात टाकते."

आम्ही सगळे गेलो. जेवताना ताईंनी रघुदादांना हळदीची गाणी म्हणायला लावली आणि दोन तर लगेच उचललीसुद्धा.

आता काकूंच्या कानाची तपासणी असली की नीलाताई बरोबर जातात. महिन्यातून एखाद्या रविवारी प्रॅक्टिसला येतात, खुर्ची ओढून बासच्या स्पीकरला लागून बसतात. मला श्वासाच्या जागा सांगतात. त्यांचं इंग्रजी गाण्यांबद्दलचं मत फारसं बरं नाही. पण परवा चहा पिताना त्यांनी काकूंना विचारलं, "याच्यावर भूप वाजेल का गं?" काकूंनी कप खाली ठेवला आणि बासवर षड्ज शोधायला लागल्या.