तीन स्थळांची चौकशी

बारकी आता कुणावरच विश्वास टाकत नाही, हा घोर आईच्या जिवाला लागला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. नळ दुरुस्त करणारा आला तरी बारकी त्याला दारातच विचारायची: वायसर कुठल्या कंपनीचा, पुन्हा गळला तर किती दिवसांत येणार, आणि येणार ते तुम्हीच की दुसरं कुणी? तो बिचारा पान्हा हातात धरून आईच्या तोंडाकडे बघायचा. आई मागून सारवासारव करायची. "मनावर घेऊ नका हो, ती जरा काटेकोर आहे."

काटेकोर तर ती होतीच. जन्मली तेव्हा दोन किलोही भरली नव्हती म्हणून बारकी. आता तेहेतीस वर्षांची, बापापेक्षा दोन बोटं उंच, तरी नाव तेच राहिलं. दातांच्या प्रयोगशाळेत ती खोटे दात बनवायची. डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ही खिडकीशेजारच्या टेबलावर भिंग लावून एकेका दातावर चिनीमातीचे थर चढवायची. हिरडीपाशी किंचित पिवळा, मध्ये दुधी, टोकाला काचेसारखा. "नुसता पांढरा दात लगेच खोटा दिसतो," असं ती म्हणायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून वाकडी होती. कुणी विचारलं तर आई सांगायची, दारात सापडली.

एका रविवारी आई कपड्यांच्या घड्या घालत असताना बारकी गॅलरीत फोनवर बोलत होती.

"नाही गं, स्थळ अजून नक्की नाही. तीन बघतेय. एक तर सरळ फसवं वाटतंय, फार गोड बोलतात. बोलणी झाली तरी पाठवणी पुढच्या वर्षीच होईल."

आईच्या हातातली चादर तिथंच राहिली. आठ वर्षांत घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. ती बाबांकडे गेली. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि टीव्हीसमोर शब्दकोडं सोडवत बसले होते. "अहो," ती कुजबुजली, "बारकी स्थळं बघतेय."

"कुणासाठी?"

"कुणासाठी काय कुणासाठी! स्वतःसाठी!"

बारकी आत आली तेव्हा दोघंही तिच्याकडे असं बघत होते की तिनं आधी आपल्या शर्टाची बटणं तपासली. मग उलगडा झाला आणि ती हसत सुटली. ती पुतळे जमवायची. चित्रपटातली, खेळातली पात्रं, हातभर उंचीची, मोजक्याच प्रती काढलेली. बाजारात येण्याआधी वर्षभर त्यांची नोंदणी होते, ऑनलाइन दुकानांमधून. जमवणाऱ्यांचा एक गट होता आणि त्या गटात दुकानाला म्हणायचे स्थळ, नोंदणीला बोलणी आणि माल निघाला की पाठवणी.

"म्हणजे बाहुलीसाठी?" आई म्हणाली.

"बाहुली नाही, पुतळा."

"पुतळे चौकात असतात."

"आणि आपल्या घरी सोफ्यावर," बारकी बाबांकडे बघत म्हणाली. बाबाही हसले. आईला मात्र हसू आलं नाही. मघाशी दोन मिनिटं तिला जे वाटलं होतं ते परत कुठं ठेवायचं, हेच तिला कळेना.

पुढचे दोन महिने घरात त्या तीन दुकानांचीच चर्चा. पुतळा होता एका खेळातल्या म्हातारीचा, दीपगृह सांभाळणारी, हातात जाळं घेऊन उभी. आईनं फोटो बघितला. एवढ्या सुंदर सुंदर बायका सोडून ही सुरकुतलेली कशाला, असं तिनं विचारलं. "हात बघ तिचे," बारकी म्हणाली. "शिरा बघ. हे ज्यानं रंगवलंय ना, त्याच्या हाताखाली मी फुकट काम करीन."

पहिलं दुकान सगळ्यांत स्वस्त होतं. त्याच्या पत्त्यावर बारकीनं एका ओळखीच्या माणसाला पाठवलं, तर तिथं टायरचं गोदाम. दुसरं दुकान मोठं, नावाजलेलं. पण ते साबण, चपला आणि पुतळे एकाच प्रकारच्या खोक्यात भरून पाठवायचं, आणि मूळ कारखान्याकडून आपल्या वाट्याला नक्की किती नग येणार आहेत हे सांगायला तयार नव्हतं. वाट्याला तीस आले आणि नोंदणी शंभराची घेतली, तर सत्तर जण वर्षभर वाट बघून रिकाम्या हातानं परत. तिसरं दुकान एका नवराबायकोचं होतं, एका खोलीतलं. बारकीनं त्यांना भलंमोठं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या वाट्याला बारा आहेत, नऊ गेले. आणि खाली लिहिलं होतं: मागच्या वर्षी आमच्याच हातून एक पुतळा पडला, मान तुटली, गिऱ्हाइकाला आम्ही आधी फोटो पाठवला, मग नवं डोकं मागवून दिलं, त्याला पाच महिने लागले.

"हेच स्थळ," बारकी म्हणाली.

"अगं, ते स्वतःच्या तोंडानं सांगतायत की त्यांनी पाडला!"

"म्हणूनच."

आई कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली. दुपारी बारकी कामावर गेल्यावर टेबल पुसताना तिला ते पत्र ज्यावर आधी कच्चं लिहिलं होतं तो कागद मिळाला. बारकीच्या बारीक, सरळ अक्षरात एकाखाली एक प्रश्न होते. वाटेत तुटलं तर जबाबदारी कुणाची. तुटलं आहे हे किती दिवसांत सांगायचं. परत घेता का. परत घेतलं तर तुटलेल्याचं काय करता. तक्रार केली की आवाज बदलतो का. यापूर्वी ज्यांनी घेतलं त्यांच्यापैकी दोघांशी बोलायला मिळेल का.

आई खुर्चीवर बसली. फडकं तिच्या हातातच राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी बारकीचं लग्न ठरवताना तिनं यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, बैठकीत पितळी कुंड्या लखलखीत घासलेल्या. सासू म्हणाली होती, "आम्हाला मुलगीच मिळाली समजा." दोन भेटींत सगळं ठरलं. चौकशी म्हणून आईनं एकच फोन केला होता, त्या घरचे कपडे शिवणाऱ्या बाईला. ती बाई जरा थांबली आणि म्हणाली, "घर चांगलं आहे हो. बोलतात थोडं मोठ्यानं." आई हसली होती. म्हणाली होती, "आमच्या घरात कोण हळू बोलतं?"

तो आधी कप फोडायचा. मग ताटं. मग बारकीनं पहिल्या पगारातून घेतलेले तीन छोटे पुतळे त्यानं एका संध्याकाळी ओळीनं भिंतीवर आपटले, आणि चौथ्याला ती हात लावू देईना तेव्हा तिची करंगळी मागे वाकवली. शेजारच्या खोलीतून सासू म्हणाली, "अरे, खिडकी लाव आधी." चौदा महिन्यांनी बारकी एक पिशवी घेऊन घरी आली. आईनं सगळ्यांना सांगितलं, पटलं नाही. नातेवाईक म्हणाले, हल्लीच्या मुलींना सहन होत नाही. आईनं तेही ऐकून घेतलं, कारण खरं सांगायचं तर करंगळीपाशी यावं लागलं असतं.

हा कागद सापडला त्याच आठवड्यात तो फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, अदबशीर.

"तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा नंबर खूप शोधून मिळवला. राग मानू नका, पण तुमची मुलगी त्या घरात होती ना? आमच्या मुलीचं तिथं चाललंय. मुलगा दिसायला शांत आहे. पण म्हटलं, आधीचं का मोडलं ते विचारावं एकदा. आईचं मन, दुसरं काय."

आईला करंगळी आठवली. पण तोंडातून निघालं ते गेली आठ वर्षं पाठ झालेलंच. "माणसं चांगली आहेत. त्या दोघांचं पटलं नाही, एवढंच."

"अगं बाई, बरं झालं! जीव भांड्यात पडला माझा. आता निवांत झोप लागेल."

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. ते कोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "योग्य केलंस. आपल्या मुलीचं नाव कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं? आणि तो सुधारला असेल तर? आपण खोडा घातल्यासारखं व्हायचं."

"आणि नसला सुधारला तर?"

"त्यांची मुलगी, ते बघतील."

त्यानंतर नऊ दिवस आई भाजीत मीठ विसरत राहिली.

नवव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, बारकी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि गटात काहीतरी लिहीत होती. आई समोर शेंगा सोलत बसली. "नोंदणी झाली ना तुझी? मग आता कसलं एवढं लिहितेस?"

"एक मुलगा विचारतोय, त्या टायरवाल्या दुकानाबद्दल. सगळं सांगतेय, पत्त्यासकट."

"त्यात तुला काय मिळणार? उगाच वैर."

"त्यांनी धमकी दिलीच आहे. लिहिलेलं काढा नाहीतर वकील पाठवतो म्हणे. पाठव म्हटलं, येताना टायर घेऊन ये." बारकी टाइप करत राहिली. "मागे एका दुकानाबद्दल मला कुणीतरी लिहिलं होतं म्हणून मी वाचले. मी नाही लिहिलं तर याला कोण सांगणार?"

"चांगलं नाही एवढं लिही ना. पुराण कशाला?"

"तसं चालत नाही. आमच्या गटाचा एकच नियम आहे. चांगलं, छान, ठीक, हे शब्द लिहिले की ते काढून टाकतात. काय झालं ते लिहायचं. कधी झालं, कुणी काय म्हणालं, काय तुटलं. चांगलं म्हणायला काय जातं, आई? कुणीही म्हणतं. सगळे बुडतात ते त्या चांगल्यामुळेच."

शेंगेचं टरफल आईच्या बोटांत मोडलं. ती उठून ओट्यापाशी गेली, पुन्हा येऊन बसली. मग एकदम म्हणाली, "बारके, त्यांच्या नव्या स्थळाकडून फोन आला होता. मुलीच्या आईचा. चौकशीला."

बारकीची बोटं थांबली. कुणाच्या, असं तिनं विचारलं नाही.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं... माणसं चांगली आहेत."

पंखा फिरत होता. शेजारच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. बारकी आरडाओरडा करेल, निदान रडेल, असं आईला वाटलं. तिला ते हवंही होतं. बारकीनं फक्त चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला.

"शिवणवाल्या बाईंनी तुला सांगितलं, तसंच."

"तिला काय माहीत होतं तेव्हा..."

"तिला सगळं माहीत होतं. मला ती नंतर भेटली होती एकदा, तिथं असतानाच. ब्लाउज द्यायला गेले होते. रडली माझ्यापुढे. म्हणाली, तुमच्या आईंना सांगायचं होतं, पण कुणाचं ठरलेलं मोडायचं पाप कशाला." बारकीनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मीच तिला पाणी दिलं."

आईला हे माहीत नव्हतं. आठ वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. "तू मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू सगळ्यांना पटलं नाही म्हणून सांगत सुटलीस. मी काय म्हणणार? मला तर वाटायचं, तुलाही तसंच वाटतंय."

"तुझं नाव झाकायला गं..."

"माझं नाही, आई. त्याचं झाकलं गेलं. म्हणून तर तो पुन्हा बाजारात आहे, जसाच्या तसा, नव्या खोक्यात."

बाबा दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे. "आता झालं ते झालं," ते म्हणाले. "नऊ दिवसांत त्यांनी ठरवूनही टाकलं असेल. आता सांगून आपणच वाईट होऊ."

"होऊ," आई म्हणाली.

आई बारकीकडे वळली. माफी मागावी असं तिच्या मनात आलं, पण त्या शब्दानं काय होणार होतं? तोही चांगल्याच्याच जातीचा, कुणालाही म्हणता येण्याजोगा. तिनं नुसतं विचारलं, "सांगू का मी तिला? सगळं?"

"माझी परवानगी आठ वर्षांपूर्वी घ्यायला हवी होतीस. गप्प बसायच्या आधी." बारकीचा आवाज चढला नव्हता, हेच आईला जास्त लागलं. "सांगायचं तर नाव घेऊन सांग. दारात सापडलं वगैरे नको. आणि त्या बाई तुला काहीबाही बोलतील. ज्याला आपण दिलासा दिला त्याचा तो काढून घेतला की तो चवताळतो. ऐकून घे."

ती पुन्हा टाइप करू लागली. आई आत गेली, पलंगावर बसली, फोन हातात घेतला. आलेल्या फोनांच्या यादीत बरंच खाली जावं लागलं, तेव्हा तो बिननावाचा नंबर सापडला. तिनं तो एका कागदावर उतरून घेतला, चुकून पुसला जाऊ नये म्हणून. मग त्याच कागदावर, काय बोलायचं ते विसरू नये म्हणून, ती लिहू लागली. आधी लिहिलं, तुम्हाला मी खोटं सांगितलं. खाली लिहिलं, कप. ताटं. तीन पुतळे. पुढचा शब्द लिहिताना तिचं अक्षर वाकडं झालं, पण तिनं तो खोडला नाही. खिडकी लाव, हेही लिहिलं, कोण म्हणालं त्यासकट.

बाबा दारातून म्हणाले, "निदान जेवून तरी घे आधी."

"त्या बाईही आता जेवायला बसत असतील," आई म्हणाली, "मुलीला समोर घेऊन." आणि तिनं नंबर लावला.