चार बोटांचा पट्टा
ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती चादर वर येते. सोलापुरातल्या दंगलीत शेजारची बांगडीवाली आणि तिची शेळी आमच्या कारखान्यात सुताच्या पोत्यांमागे लपली होती. जमाव गल्लीत शिरला, शेळी ओरडायला लागली, म्हणून वडिलांनी माग चालू केला. "आज बी काम?" दारातून एकानं विचारलं. "ऑर्डर हाय की," वडील म्हणाले. तेवढ्यात धोट्यातलं आडवं सूत संपलं. एरवी ते लगेच माग थांबवायचे. त्या दिवशी रिकामाच चालू ठेवला. माणसं गेली. चादरीत आडवा धागाच नसलेला पट्टा राहिला, म्हणून ती विकली गेली नाही. ती माणसं दारात किती वेळ उभी होती, हे मी अजून त्या पट्ट्यावर बोटं ठेवून बघते. चार बोटं भरतात.